बस एका अंगाला झुकली तर

आमच्या ग्रामसंघाची जुनी बस तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली आहे. सकाळी कॉलेजच्या मुली, सुट्टीला शेगाव-लोणारचे प्रवासी. पुढे तिला पाटे आहेत आणि मागे हवेचे फुगे. यंदा उन्हाळ्यात तिने खोड काढली. रात्री सरळ उभी केलेली बस सकाळी डाव्या अंगाला बसलेली असे.

फुगा म्हणजे जाड रबराची पिशवी. इंजिनवरचा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो, तिथून ती पाइपाने फुग्यात जाते. माणसं चढली की बस दबते, एक छोटी दांडी हलते आणि व्हॉल्व्ह हवा वाढवतो. उतरली की सोडतो.

एका मिस्त्रीने लांबूनच सांगितलं, दोन्ही फुगे बदला. खर्च ऐकून बायका गप्पच झाल्या. आम्ही म्हटलं, आधी हवा कुठून जाते ते दाखवा.

गॅसच्या रेग्युलेटरला साबणाचा फेस लावतो ना, तीच युक्ती. दुसऱ्या गॅरेजात चाकांना ओट लावली, बॉडीखाली ठोकळे दिले, टाकी भरून इंजिन बंद केलं. हे ठोकळे फार महत्त्वाचे. हवा एकदम सुटली तर बस खाली बसते, म्हणून त्याशिवाय कुणालाही खाली शिरू देऊ नका. मग मिस्त्रीने फुगा, पाइप, व्हॉल्व्ह सगळीकडे साबणाचं पाणी मारलं. फुग्याच्या घडीत भेगा नव्हत्या. बुडबुडे आले ते पाइपाच्या जोडावर. पाइपाचं झिजलेलं टोक कापून नवा जोड बसवला, काम झालं.

एकच बाजू बसत असेल तर त्या बाजूचा फुगा, पाइप किंवा दांडी बघायची. दोन्ही बाजू उचलतच नसतील तर दोष मागे, कॉम्प्रेसरकडे. टाकीत पाणी साचतं, तेही खालचा नळ उघडून काढावं लागतं. आमचे ड्रायव्हरभाऊ रोज काढतात.

काही जण फुगे काढून पाटेच टाका म्हणतात. आरटीओच्या परवानगीशिवाय असा बदल करू नये, आणि आम्हाला तो नकोच होता.

झुकली तर झुकली, चालते ना, असं म्हणणारेही भेटले. पण आमच्या बसचे ब्रेकही याच कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतात. ब्रेकची हवा राखायला मध्ये व्हॉल्व्ह असतो खरा. जुन्या गाडीत त्याच्या भरवशावर मुली घेऊन राजूर घाट उतरायचा नाही, असं आम्ही बैठकीत ठरवलं. काटा खाली असेल तर बस निघत नाही, कुणी कितीही घाई करो.

आता रोज सकाळी मागचं चाक आणि वरची कमान यांतलं अंतर बोटांनी मोजून वहीत लिहितो. काल दोन्हीकडे सहा बोटं होती. आज डावीकडे पाच भरली, तेव्हा साबणाची बाटली घेऊन बस गॅरेजात गेली आहे.