मोंढ्यातून दिसलेला स्वातंत्र्यवाद



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला आणि मी ‘स्वातंत्र्यवाद’ असे सांगितले, तेव्हा ते थोडे चपापले. हमालांच्या संघटनेचा माणूस माथाडी कायद्यावर बोलेल, फार तर मे दिनाचा इतिहास सांगेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. ती गैर म्हणता येणार नाही. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या कार्डावर आणि मोंढ्यातल्या पोत्यांच्या थप्पीवर बसून. शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी पुस्तकाचे एकेक पान उलटणाऱ्या माणसाकडून आपण पंडिती विवेचनाची अपेक्षा करणार नाही, असे मी धरून चालतो.

स्वातंत्र्यवाद म्हणजे काय? प्रत्येक माणसाच्या देहावर, श्रमावर आणि श्रमाच्या फळावर त्याचा स्वतःचा अधिकार आहे. त्याच्यावर कोणी बळजबरी करू नये, मग तो सावकार असो, जातपंचायत असो की सरकार असो. माणसांनी एकत्र यावे, सौदा करावा, संस्था काढाव्या, पण राजीखुशीने. इतके सांगितले की कोणीही मान डोलावतो. भांडण सुरू होते ते पुढच्या प्रश्नाला. राजीखुशी कशाला म्हणावयाचे? दोन दिवस चूल न पेटलेल्या घरातला माणूस जेव्हा पडेल त्या मजुरीला ‘हो’ म्हणतो, तेव्हा ती त्याची खुशी असते काय? या एका प्रश्नावरून स्वातंत्र्यवाद्यांच्या घरात दोन चुली झाल्या आहेत आणि त्या अजून वेगळ्याच आहेत.

आज हा शब्द ऐकला की भांडवलदारांचा कैवारी डोळ्यांपुढे येतो. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. परंतु राजकीय अर्थाने हा शब्द प्रथम रूढ केला तो एका कामगाराने. जोसेफ देजाक हा भिंतींना कागद चिकटवण्याचे काम करणारा फ्रेंच मजूर. १८४८ च्या क्रांतीनंतरच्या दडपशाहीत तो देशोधडीला लागला आणि अमेरिकेत गेला. तेथून १८५७ साली त्याने प्रूधाँ या विख्यात विचारवंतास पत्र लिहिले. प्रूधाँ सत्तेच्या विरुद्ध होता, परंतु स्त्रियांना मात्र त्याने घरातच बसवले होते. देजाकने त्याला फटकारले : पुरुषाचे तेवढे स्वातंत्र्य मागणारा तू अर्धामुर्धा, पुरा स्वातंत्र्यवादी नव्हेस! पुढे न्यूयॉर्कला त्याने याच नावाचे पत्र १८५८ ते १८६१ पर्यंत चालवले. हा शब्द जन्मला तो असा, घरातल्या बाईच्या हक्कावरून झालेल्या भांडणात. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे.

त्यानंतरचा युरोपातला इतिहास मी झपाट्याने सांगतो. १८५९ साली मिल्लचा स्वातंत्र्यावरील निबंध आला. १८७२ साली हेग येथे कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत मार्क्स आणि बाकूनिन यांची ताटातूट झाली. कामगारांच्या नावाने चालणारे राज्यही शेवटी कामगारांच्याच मानगुटीवर बसेल, असे बाकूनिनचे म्हणणे होते. १९०२ साली क्रोपॉटकिनने ‘परस्परसाहाय्य’ या विषयावर ग्रंथ लिहून दाखवले, की जीवसृष्टी केवळ झोंबाझोंबीवर चाललेली नाही. दुसऱ्या चुलीकडे हायेक. त्याचे मुख्य सांगणे असे, की कोणत्या मालाची कोठे किती गरज आहे हे ज्ञान लाखो माणसांत विखुरलेले असते. ते एका कचेरीत गोळा करता येत नाही, भावातून मात्र ते आपोआप प्रकट होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या खुल्या बाजाराच्या पुरस्कर्त्यांनी देजाकचा शब्द उचलला, आणि तेव्हापासून तो त्यांच्याच नावावर चढला.

आपल्याकडे आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला, त्यामागे मिल्ल आणि स्पेन्सर होते हे आपणांस ठाऊक आहे. आगरकरांचा झगडा मुख्यतः रूढीशी होता. रूढी ही देखील एक सरकारच आहे, आणि तिला निवडणूक नाही. परंतु त्यांच्या मासल्याचा व्यक्तिवाद मराठवाड्यात आमच्या आजोबांपर्यंत पोचला नव्हता. त्यांच्या डोक्यावर निजाम होता, निजामाखाली देशमुख होता आणि गावात सावकार होता.

या शब्दाची मुंबईतली एक हकीकत मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. रणछोडदास लोटवाला नावाचे एक गुजराती गृहस्थ तेथे होते. पिठाच्या गिरणीचे मालक. तरुण श्रीपाद अमृत डांगे यांनी १९२१ साली गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारे पुस्तक लिहिले, ते वाचून हे खूष झाले आणि त्यांनी डांग्यांच्या मागे पैसा उभा केला. गिरणीमालकाच्या पैशावर साम्यवादाचे ग्रंथ मुंबईत आले! पुढे लोटवालांचे मन साम्यवादावरून उडाले. त्यांच्या संस्थेने ‘लिबर्टेरियन सोशॅलिस्ट’ असे नाव घेतले. तिच्याशी एम. पी. टी. आचार्य यांचा संबंध आला. हे आचार्य मूळ मद्रासचे क्रांतिकारक. १९२० साली ताश्कंदला मानवेंद्रनाथ रॉय यांच्याबरोबर हिंदी कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत होते, आणि नंतर सर्व सरकारांना विरोध करणारे अराज्यवादी झाले. १९३५ साली ते मुंबईस परतले आणि १९५४ साली तेथेच हलाखीत वारले. त्यानंतर लोटवालांच्याच आश्रयाने निघालेले ‘इंडियन लिबर्टेरियन’ हे पत्र खुल्या व्यापाराची कड घेऊ लागले. तात्पर्य, दोन्ही चुली या एका गृहस्थाच्या घरात एकापाठोपाठ पेटल्या. मी त्यांना धरसोडीचे म्हणणार नाही. सत्तेची भीती त्यांना पहिल्यापासून असावी. ती कोणत्या रूपात जास्त घातक, एवढाच त्यांचा निर्णय बदलत गेला.

आता आपल्या प्रदेशात येऊ. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला विनोबांना भूदानाची पहिली जमीन मिळाली, तेव्हा ते गाव आणि आपली परभणी एकाच हैदराबाद राज्यात होती. विनोबा शासनमुक्त समाजाची गोष्ट बोलत. कायद्याने नव्हे, मनाने जमीन सोडा, हा त्यांचा आग्रह. मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळशी खडकाळ निघाली आणि वाटपही रेंगाळले, हे सर्वांना माहीत आहे. म्हणून त्यांची थट्टा करण्याचीही एक रीत पडली आहे. मी ती करीत नाही, कारण कायद्याने मिळालेली जमीन तरी कुळांच्या हाती किती राहिली, हा हिशेब थट्टा करणारे मांडीत नाहीत.

आणि मग १९८४ चा फेब्रुवारी. शेतकरी संघटनेचे दुसरे अधिवेशन येथे, आपल्या परभणीस भरले. मी तेव्हा चौदा वर्षांचा. वडील मोंढ्यात हमाली करीत आणि गावाकडे आमची चार एकर कोरडवाहू होती. म्हणजे एकाच घरात हमालही आणि कापूस पिकवणाराही. त्यांनी मला खांद्याला धरून त्या गर्दीतून नेले. शरद जोशी काय बोलले त्यातले मला फारसे कळले नाही. एवढेच आठवते, की पागोटेवाली माणसे भिकेसाठी नव्हे, तर घामाच्या दामासाठी ओरडत होती, आणि माझे एरवी मुके असणारे वडीलही ओरडत होते.

जोशी स्वित्झर्लंडमधील बर्नची आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला त्यांनी कोरडवाहू जमीन घेतली. त्यांचा सिद्धांत आपण सारे जाणता. सरकार शेतकऱ्याला मदत करते हा भ्रम आहे. निर्यातबंदी, लेव्ही, झोनबंदी या उपायांनी ते भाव पाडते, आणि एका हाताने देते त्याहून अधिक दुसऱ्या हाताने काढून घेते. याला त्यांनी उणे सबसिडी म्हटले. परभणीच्या माणसाला हे समजावून सांगावे लागले नाही, कारण त्याच्या दारात कापूस होता. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. व्यापाऱ्याच्या नाडणुकीतून सोडवणारी योजना म्हणून शेतकऱ्यांनी तिचे स्वागतच केले, हे विसरू नये. परंतु एकच गिऱ्हाईक उरले, पैसे हप्त्याहप्त्याने येऊ लागले, आणि सरहद्दीपलीकडे भाव बरा असला तरी कापूस नेण्याची बंदी. स्वतः पिकवलेला कापूस शेतकरी रात्री चोरासारखा बैलगाडीतून पलीकडे नेऊ लागला. आपल्याच मालाचा चोर! हायेकचे नाव न ऐकलेल्या माणसाला हायेक शिकवायला एवढे पुरे झाले. पुढे नव्वदीनंतर उलटेही घडले. हमीभाव पलीकडल्यापेक्षा जास्त ठेवला तेव्हा बाहेरचा कापूस आत येऊ लागला. मग योजना तोट्यात बुडत गेली आणि सुमारे तीस वर्षांनी व्यापाऱ्यास वाट मोकळी करावी लागली.

जोशींच्या कामातला मला सर्वांत मोठा वाटणारा भाग बाजाराचा नाही. १९८६ साली चांदवडला त्यांनी शेतकरी बायकांचे अधिवेशन भरवले, आणि पुढे लक्ष्मीमुक्ती काढली : नवऱ्याने आपण होऊन काही जमीन बायकोच्या नावे करावयाची. कायदा नाही, अनुदान नाही. देजाकने प्रूधाँला जे सुनावले ते येथे गावोगावच्या सातबाऱ्यावर उतरले. याच माणसाने २०१० च्या मार्चमध्ये राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विधेयकाविरुद्ध एकट्याने मत दिले. एकशे शहाऐंशी एका बाजूला, हे एकटे दुसऱ्या. मला ते मत पटलेले नाही. परंतु त्यांनी दोन्ही वेळा एकच गोष्ट सांगितली होती, हे कबूल केले पाहिजे.

येथवर मी त्यांच्या बाजूने बोललो. आता मोंढ्यातली गोष्ट. बाजार मोकळा करा, असे ते म्हणतात. ठीक. पण पोते उचलणाऱ्याचे काय? मालक पन्नास आणि हमाल पाचशे, तेव्हा प्रत्येक हमालाने स्वतंत्रपणे सौदा करावा म्हटले तर त्याचा दर रोज उतरत जाईल. शेतमाल नासतो म्हणून शेतकरी थांबू शकत नाही. हमालाचा दिवस तर संध्याकाळी नासतो. पुण्याला डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना एकत्र केले, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मंडळ आले, मजुरी मंडळात जमा होऊ लागली, त्यावर भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस मिळू लागला. हे कोणी मेहेरबानीने दिलेले नाही. संघटना ही राजीखुशीने जमलेल्या माणसांचीच असते. तिला बळजबरी म्हणणारा स्वातंत्र्यवादी व्यापाऱ्यांच्या असोसिएशनबद्दल मात्र गप्प बसतो. बाजार समित्यांच्या विरोधात बोलताना तो १८८६ साली वऱ्हाडात कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार निघाला हे सांगतो, आणि तो शेतकऱ्यासाठी नव्हे, तर मँचेस्टरला चांगला कापूस मिळावा म्हणून निघाला असेही सांगतो. ते खरे आहे. पण नियंत्रणापूर्वी काटा कोणाच्या हातात होता, तेही त्याने सांगावे.

हे सारे मी वर्षानुवर्षे ठासून बोलत आलो. आणि मग २०१६ साल आले. लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले ते वर्ष. गंगाखेडकडचा एक वीस-बावीस वर्षांचा पोरगा आमच्या मोंढ्यात काम मागायला आला. अंगाने धडधाकट, घरी म्हातारी आई. आमच्या टोळ्यांची यादी ठरलेली. कोणी मेला किंवा थकला तर त्याच्या मुलाला जागा, असा रिवाज पडलेला. बैठकीत मी उठलो आणि म्हणालो, यादी उघडली तर उद्या शंभर येतील आणि दर कोसळेल. सर्वांनी माना हलवल्या. पोरगा दाराबाहेर उभा होता. त्याने मला एवढेच विचारले, “काका, तुमच्या बापाला पहिल्या दिवशी कोणी घेतलं व्हतं?”

उत्तर माझ्यापाशी होते. माझ्या वडिलांना कोणीच घेतले नव्हते. त्यांना कोणी अडवलेही नव्हते, कारण तेव्हा अडवणारी यादी नव्हती. ते मी त्याला सांगितले नाही. रात्री घरी येऊन ज्या पुस्तकांवर मी समासात रागारागाने रेघा मारल्या होत्या ती काढली. आत असलेल्यांचा दर बाहेरच्यांना दार लावून राखला जातो, असे त्यांत लिहिलेले होते. समोर मी पेन्सिलीने लिहिले होते : ‘मालकांचा कावा.’

पुढच्या वर्षीच्या सभेत मीच ठराव मांडला. वारसाचा रिवाज बंद करावा, दरवर्षी प्रत्येक टोळीने दोन नवी माणसे घ्यावी, चिठ्ठ्या टाकून घ्यावी, आणि दर मात्र सर्वांचा एकच, एक पैसा कमी नाही. माझ्या जवळच्या माणसांनी मला व्यापाऱ्यांना फितूर झालास म्हटले. एकाने माझ्या वाचनाचा उद्धार केला. ठराव अकरा मतांनी मंजूर झाला, दोनच्या ऐवजी एक, अशा दुरुस्तीसह. चिठ्ठ्या आम्ही पाडव्याला टाकतो. गंगाखेडच्या पोराकडे मी निरोप धाडला, तेव्हा तो कारखान्यावर ऊसतोडीला गेलेला होता, कोयता घेऊन, उचल घेऊन. आणि उचल फिटेपर्यंत त्याला तेथून हलता येत नव्हते.