क्रोशाची लेस: विणली तशी जपा
(ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईने केलेले भाषण)



मागच्या वर्षी मी क्रोशाचं तोरण विकायला नेलं. दोन महिन्यांची मेहनत. लोखंडी टाचण्यांनी टांगलं, रात्री दव पडलं, सकाळी गंजाचे डाग! गिऱ्हाइकानं बघितलं अन् ठेवून दिलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून सांगते.

आता दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. घोडेबाजाराची धूळ उडणारच. लेस स्टॉलच्या आतल्या बाजूला, सावलीत मांडा. उन्हानं सुती धागा पिवळा पडतो, कमजोर होतो. मोठा नग टांगू नका, वजनानं ताणतो. गडद कापड लावलेल्या तिरप्या फळीवर सुईदोऱ्यानं चार टाके घाला, टाचणी नको. हाताळून बघायला एक नमुना वेगळा ठेवा.

मळलं तर कोमट पाण्यात रिठ्यानं हलक्या हातानं धुवा. पिळू नका. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा, आकार नीट करून सपाट वाळवा.

ठेवताना खळ धुऊन काढा, नाहीतर कसर लागते. वर्तमानपत्र नको, शाई लागते. प्लास्टिकची पिशवी नको, ओल कोंडते. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळी करा. घडीवर धागा तुटतो.

आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशे लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तीही बायकांच्याच हातची. हातकामाला मोल आहे, तायांनो. पण नग डागाळला तर मजुरीसुद्धा सुटत नाही.