सौम्यतेचें बळ

एखाद्या माणसाला कोणी सौम्य म्हटलें, कीं आपल्या मनासमोर बहुधा एक गरीब गाय उभी राहते. कोणीही दोन शब्द सुनवावे आणि त्यानें ते मुकाट्यानें गिळावे, तो सौम्य, असा व्यवहारांतील समज आहे. प्रभु येशूनें डोंगरावरील प्रवचनांत सौम्य जनांना धन्य म्हटलें, तेव्हां हा भित्रेपणा त्याच्या मनांत असणें शक्य नाहीं. ज्यानें यरुशलेमच्या मंदिरांत सराफांचे चौरंग उलथून टाकले, त्यानेंच वधस्तंभावर आपल्या वैऱ्यांसाठीं क्षमा मागितली. या दोन प्रसंगांचा मेळ जेथें बसतो, तेथेंच ख्रिस्ती सौम्यतेचा अर्थ सांपडतो. महाराष्ट्राला तो पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत स्पष्ट पाहावयास मिळतो.

रमाबाई स्वभावानें मऊ नव्हत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरीं त्यांना लहानपणींच संस्कृत विद्येचें बाळकडू मिळालें. पुढें दुष्काळ पडला; वडील, आई आणि थोरली बहीण हीं एकामागून एक गेलीं. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई हीं दोघें अर्धपोटीं, पायीं हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं या विशीच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. लवकरच भाऊ वारला. १८८२ सालीं पतिही निवर्तले आणि पदरांत लहानगी मनोरमा राहिली. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला; पण त्यानंतरही तेथील धर्मभगिनींशीं त्या मतभेदाच्या मुद्द्यांवर निर्भयपणें वाद घालीत. पटल्यावांचून मान तुकवावयाची नाहीं, ही त्यांची जातच होती. अशा बाईच्या ठिकाणीं सौम्यता आली ती उपजत नव्हे; ती त्यांना अभ्यासानें मिळवावी लागली.

पहिली कसोटी १८९३ सालीं लागली. मुंबईंत १८८९ सालीं त्यांनीं विधवांसाठीं शारदासदन काढलें आणि पुढील वर्षीं तें पुण्यास आणलें. धर्माच्या बाबतींत सदन तटस्थ राहील, असें ठरलें होतें. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडें ठेवून करीत आणि कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसूं लागल्या. यावरून पुण्यांत मोठें वादळ उठलें. न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या थोर गृहस्थांनीं सल्लागार मंडळ सोडलें आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. आपल्या विश्वासानें दिलेल्या मुलींविषयीं पालकांना काळजी वाटावी, यांत अस्वाभाविक असें कांहीं नव्हतें. म्हणूनच हा प्रसंग अधिक अवघड होता. रमाबाईंनीं आपली प्रार्थना सोडली नाहीं, दारही लावून घेतलें नाहीं. ज्या मुली उरल्या, त्यांचें शिक्षण चालूं राहिलें.

दुसरी कसोटी त्याहून कठीण होती. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि तेथील निराधार मुलींना घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यांत प्लेग शिरला. शहरांत इतक्या मुली ठेवण्याची सोय राहिली नाहीं. तेव्हां पुण्याच्या पूर्वेस लोहमार्गावरील केडगांव येथें घेतलेल्या जमिनीवर त्यांची वस्ती झाली. तीच पुढें 'मुक्ति' या नांवानें प्रसिद्ध झाली. १९०० च्या सुमारास गुजराथेंतील दुष्काळाच्या वेळीं तेथील संख्या दीड हजारांवर गेली. उपासानें खंगलेली मुलगी शांत नसते. पोट भरल्यावरही उद्यांच्या भीतीनें ती भाकर लपवून ठेवते, शेजारणीवर वसकन् येते. तिला हुकमानें वळण लागत नाहीं. जिनें स्वतः उपाशीपोटीं रस्ते तुडविले होते, तिला या मुलींच्या मनांतील भय ओळखतां आलें. पदवीधर पंडितेनें त्यांच्या पंक्तीला बसणें, ही सौम्यतेची खरी परीक्षा होय.

परंतु याच १८९७ सालीं प्लेगच्या सरकारी व्यवस्थेंत स्त्रियांची होणारी आबाळ पाहून रमाबाईंनीं 'बाँबे गार्डियन' पत्रांत उघड तक्रार केली. सरकार आपल्याच धर्माचें, म्हणून त्या गप्प बसल्या नाहींत. स्वतःवर आलेली टीका सोसणारी बाई, दुसऱ्यावरील अन्याय दिसतांच बोलली. मंदिरांतील येशू आणि वधस्तंभावरील येशू एकच, याचें हें प्रत्यंतर होय.

उतारवयांत त्यांनीं बायबलाचें नवें मराठी भाषांतर हातीं घेतलें. त्यासाठीं त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतावर ज्यांचें इतकें प्रभुत्व, त्यांना प्रौढ भाषा लिहिणें सोपें होतें; पण थोडें शिकलेल्या बायकांना कळावें, म्हणून त्यांनीं साध्या शब्दांची निवड केली. पांडित्य असूनही तें मिरवावयाचें नाहीं, हेंही एक व्रतच! जुळणी आणि छपाई मुक्तींतील स्त्रियांनींच केली. १९२१ सालीं मनोरमा गेली. एकुलत्या एका मुलीचें दुःख पोटांत घालून आई कामांतच राहिली. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंचें देहावसान झालें, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला.

श्रोतेहो, वाईट दिवस आले कीं माणसाचा आवाज आधीं चढतो तो दुबळ्यावर. धान्य महागलें कीं गृहस्थ बायकोवर चिडतो, वरिष्ठ रागावला कीं कारकून शिपायावर खेंकसतो, आणि हे सर्व रविवारीं देवळांत एकाच बांकावर बसतात. सौम्यतेचा अभ्यास येथूनच सुरू करावयाचा. आपल्याला कोणी लागेल असें बोललें, तर उत्तर एक रात्र राखून ठेवावें. आपल्या हाताखालच्या माणसाला अन्नाबरोबर आदरही द्यावा. आणि दुसऱ्यावर जुलूम होत असेल, तर सौम्यतेच्या नांवाखालीं तोंड लपवूं नये. एवढें साधण्यासही विश्वास लागतो. कारण आपला न्याय करणारा कोणी आहे, अशी ज्याची खात्री असते, त्यालाच आपला सूड सोडून देतां येतो.