स्मृतिभ्रंश झालेल्यांचे घर : पारख कशी करावी?



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते रात्रशाळेत, युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटात आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात. तीस वर्षे आम्ही कामगार-संघटनेचे काम करीत आहो. म्हणून चालकांनी कामगार-चळवळीवरच बोला असे सुचविले होते. आम्ही त्यांची परवानगी घेऊन वेगळा विषय निवडला. घरातील माणसाला स्मृतिभ्रंश झाला आणि त्याला निवासी शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ आली, तर ते गृह पारखावे कसे, हा तो विषय होय. हा विषय आमच्या नेहमीच्या कामाहून फार दूरचा आहे असे आपणांस वाटेल. आम्हांसही एके काळी तसेच वाटत होते.

प्रथम रोगाविषयी थोडे. म्हाताऱ्या माणसाला म्हातारचळ लागायचाच, असे म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या या गोष्टीची बोळवण केली. परंतु हा म्हातारपणाचा स्वभाव नसून मेंदूचा विकार आहे. १९०६ साली अल्झायमर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी एका स्त्रीच्या मेंदूची तपासणी करून ज्याचे वर्णन केले, तो प्रकार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि स्मृतिभ्रंशाच्या प्रकारांत तोच सर्वांत अधिक आढळतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात साठीपुढल्या दर शंभरांत सातांहून अधिक जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, हा विकार आहे. थायरॉइडचा दोष किंवा बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही कधी तशीच लक्षणे दिसतात, आणि त्यांवर उपाय आहे. म्हणून आधी डॉक्टरांकडे जावे. पण अल्झायमरसारखा विकार असेल, तर तो बरा होत नाही. माणूस आधी नावे विसरतो, मग रात्र-दिवस विसरतो, मग मोरी कोठे आहे ते विसरतो आणि शेवटी घास गिळावयाचेही विसरतो.

आमचे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, मुंबईच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. त्या संपानंतर आण्णांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. मात्र सत्तरी उलटून गेल्यावर त्यांच्या मनात ती एकाएकी उघडली. रात्री दोन वाजता ते उठत, सदरा चढवीत, डबा मागत आणि दाराशी जाऊन विचारीत, "भोंगा झाला का रे?"

चार वर्षे आमच्या पत्नीने त्यांचे सारे केले. बंधुभगिनींनो, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळवून दिली, हे आम्ही शेकडो सभांतून सांगितले आहे. आमच्या स्वतःच्या घरात मात्र एका बाईची चोवीस तासांची पाळी चालू होती, तिला ना सुट्टी ना बदली, आणि हे आमच्या ध्यानी आले ते ती चक्कर येऊन पडली तेव्हा. म्हणून "आईबापांना बाहेर ठेवणे पाप" असे कोणी म्हणाले, तर आम्ही त्यास इतकेच विचारतो की, घरी ठेवल्यावर रात्री कोण उठते? उत्तरात बहुधा एखाद्या सुनेचे नाहीतर लेकीचे नाव येते. आम्ही कोणास घर सोडावयास सांगत नाही. पण ज्याला ही वाट धरणे भाग आहे त्याने लाजेने मान खाली घालून जाऊ नये, कारण मान खाली असली की समोरचे दिसत नाही. आमचे नेमके तसेच झाले.

आम्ही पाहिलेले पहिले गृह फार देखणे होते. फरशी आरशासारखी, दिवाणखान्यात माशांची काचपेटी, भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी. चालकांनी चहा दिला व गोड बोलले. आमची तर मनातून केवळ "आण्णांना घ्या" एवढीच विनवणी चालली होती. कारण साध्या वृद्धाश्रमांनी आम्हांस आधीच नकार दिला होता. अनेक ठिकाणी आपले आपण करू शकणाऱ्यांनाच प्रवेश असतो. चालकांनी चार पानांचे संमतिपत्र पुढे केले आणि आम्ही सही केली. ज्याने आयुष्यभर कामगारांना सांगितले की, करारातली ओळ न् ओळ वाचल्यावाचून अंगठा उठवू नका, त्याने न वाचता सही केली!

पाचव्या आठवड्यात आण्णांच्या मनगटावर काळानिळा वळ दिसला. आम्ही गृहाच्या व्यवस्थापकाकडे गेलो नाही. समोर दिसली त्या मावशींवरच ओरडलो. त्या भिंतीशी उभ्या राहून रडू लागल्या. म्हणाल्या, "दादा, रात्रीला आम्ही दोघीच. माणसं अठ्ठावीस. आजोबा उठून दाराकडं जातात. पडले तर पगार कापतात. ओढणीनं बांधते मी त्यांना. रोज बांधते." चौकशी केली तेव्हा कळले की, त्यांची पाळी बारा तासांची होती, बदली न आली तर चोवीस तासांचीही होई आणि सुट्टी धरली तर रोज बुडे. घरी आल्यावर संमतिपत्र काढून वाचले. "रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक ते निर्बंध" घालण्यास आम्हीच मान्यता दिलेली होती.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. कारखान्यात इन्स्पेक्टर यावयाचा असला की आदल्या दिवशी चुना कसा मारतात, हे आम्हांस पाठ आहे. कारखाना पाहावयाचा तो तिसऱ्या पाळीला, हेही पाठ आहे. मग बापासाठी घर पाहताना ते सारे आम्ही कोठे ठेवले होते? तेव्हापासून सहा-सात गृहे पाहिली आणि त्यांतून जे शिकलो ते आता आपणांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, गृह तीनदा पाहावे. एकदा वेळ ठरवून, दुसऱ्यांदा न सांगता जेवणाच्या वेळी आणि तिसऱ्यांदा सांजवेळी. दिवस मावळताना या रुग्णांची तगमग पुष्कळदा वाढते. त्या घटकेला तेथली माणसे दूरचित्रवाणीपुढे ओळीने बसवलेली आहेत, की कोणी त्यांच्याशी बोलते आहे, हे पाहावे. जेवणाच्या वेळी भरवणारीचा हात पाहावा. पहिला घास गिळला जाण्याआधी दुसरा चमचा तोंडाशी येत असेल, तर तो दोष तिच्या स्वभावाचा धरू नये; तिला अजून किती जणांना भरवावयाचे आहे ते मोजावे. घाईने भरवलेला घास श्वासनलिकेत जातो, आणि त्यातून न्यूमोनिया होतो.

दुसरी गोष्ट, रात्रीचा हिशेब विचारावा. "आमच्याकडे पुरेसे लोक आहेत" हे उत्तर घेऊ नये. रात्री दहानंतर जागी माणसे किती, रुग्ण किती, आणि एक कामगार आला नाही तर बदली कोण, हे आकड्यांत विचारावे. मग चालकांना बाजूस ठेवून मावश्यांना व मामांना विचारावे : येथे किती वर्षे आहात? पाळी किती तासांची? आठवड्याची सुट्टी मिळते का? पगार वेळेवर होतो का, फंड कापला जातो का? काही जण म्हणतील, ही युनियनवाल्याची खोड. नव्हे, श्रोतेहो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला नवा चेहरा म्हणजे रोज नवे भय. जेथे दर दोन महिन्यांनी माणसे बदलतात, तेथे त्याला अंघोळ घालणारा रोज परकाच असतो, आणि परक्याने कपडे काढावयास घेतले तर कोण हात उगारणार नाही? त्याला मग "हिंसक" म्हणतात आणि गोळी देतात.

गोळी ही तिसरी गोष्ट. झोपेची व मन बधिर करणारी औषधे कधी लागतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु अशांपैकी काही औषधांनी वृद्ध स्मृतिभ्रंश-रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध-खात्याने २००५ सालीच दिला आहे. म्हणून विचारावे : गोळी कोणत्या डॉक्टरांनी लिहिली, कशासाठी लिहिली, ती कमी करण्याचा विचार कधी होणार, आणि सुरू करण्यापूर्वी आम्हांला कळवाल की नाही? बांधण्याविषयीही असेच स्पष्ट विचारावे. "आम्ही कोणाला बांधत नाही" असे म्हणाले, तर "मग रात्री उठणाऱ्याचे काय करता?" हा पुढचा प्रश्न सोडू नये.

चौथी गोष्ट, इमारतीपेक्षा शरीरे पाहावी. नखे कापलेली आहेत का, दात व चष्मा ज्याचा त्याच्या तोंडी व डोळ्यांवर आहे का, अंगावरचे कपडे स्वतःचे आहेत का, पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे का? जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांची कूस किती वेळाने बदलतात आणि पाठीला जखमा आहेत का? दरमहा वजन करून लिहून ठेवतात का? ज्याला तक्रार करता येत नाही त्याची तक्रार त्याच्या वजनाच्या वहीत उतरते. आणि हो, चकचकीत फरशीला भुलू नये. या रुग्णांना चकाकणारी फरशी ओली वाटते आणि काळे पायपुसणे खड्डा वाटते; ते अडखळतात व पडतात. साधी कोबा केलेली जमीन, चालावयास मोकळे अंगण, सहज दिसणारे संडासाचे दार आणि आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट, एवढे असले म्हणजे पुष्कळ झाले.

पाचवी गोष्ट भाषेची. इंग्लंडात टॉम किटवुड म्हणून एक अभ्यासक होऊन गेले. त्यांचे १९९७ सालचे पुस्तक आम्ही कोश हाताशी घेऊन तीन महिन्यांत वाचले. रुग्णाला मूल समजणे, त्याच्या देखत त्याच्याविषयी बोलणे, त्याला न झेपणाऱ्या वेगाने कामे उरकणे, यांनी त्याचे माणूसपण कसे झिजते, हे त्यांनी दाखविले. आपण गृहात गेलो म्हणजे कान द्यावा. सगळेच "आजोबा" आणि सगळ्याच "आजी" आहेत, की कोणी पाटील गुरुजी, कोणी शांताक्का आहे? आपल्या माणसाचे आयुष्य एका कागदावर लिहून द्यावे : गाव, धंदा, आवडनिवड, भीती, हाकेचे नाव. तो कागद कोणी वाचतो की फाइलीत लावतो, यावरूनही गृहाची पारख होते.

शेवटी करार. अनामत किती व परत कधी, डायपर, औषधे व रुग्णवाहिका यांचा खर्च निराळा का, रात्री प्रकृती बिघडल्यास कोणत्या इस्पितळात नेणार, आणि मुख्य म्हणजे, रोग वाढून माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवणार की घेऊन जा म्हणणार? हे सारे लेखी घ्यावे व घरी नेऊन वाचावे. आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला. प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान एक गृह असावे असे तो म्हणतो आणि वृद्धांना टाकून देणाऱ्यास शिक्षाही सांगतो. परंतु शुश्रूषागृहात रात्री किती माणसे जागी असावीत, हे तो कायदा सांगत नाही. ते आपणच विचारले पाहिजे, आणि एकेकट्याने विचारून भागत नाही. म्हणून ज्यांची माणसे एका गृहात आहेत त्या नातेवाइकांनी समिती करावी, महिन्यातून एकदा बसावे, आणि त्या बैठकीत मावश्यांचाही एक प्रतिनिधी असावा. रात्रपाळीला तिसरे माणूस हवे, ही मागणी त्यांची तशीच आपलीही आहे. त्यासाठी दरमहा चार पैसे अधिक द्यावे लागले, तर तेही सांगण्याचे धैर्य आपल्यात पाहिजे. कमी दरात गृह हवे आणि मावशीने मात्र आईच्या मायेने वागावे, असे म्हणणारे आपण त्या घटकेला मालकाच्या बाजूस उभे असतो. आम्ही त्या मावशींवर ओरडलो तेव्हा तेथेच उभे होतो. पुढे जाऊन त्यांची क्षमा मागितली, पण वळ काही पुसला गेला नाही.

आण्णा आज दुसऱ्या गृहात आहेत. इमारत जुनी, पत्र्याची. रात्री नऊ रुग्णांमागे एक माणूस जागा असतो. आण्णा दोनला उठून भोंगा विचारतात तेव्हा तेथला मामा म्हणतो, "अजून अवकाश आहे आण्णा, तोवर चहा घेऊ." दोघे अंगणात एक फेरी मारतात, आणि मग आण्णा निजतात. आम्हांला ते ओळखत नाहीत. आम्ही कोणी युनियनवाले आहो, एवढे त्यांना पक्के वाटते. गेल्या रविवारी त्यांनी विचारले, "बोनसचं काय झालं?" आम्ही म्हटले, "बोलणी चालू आहेत." त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बदलीवाल्यांना विसरू नका."

तेच आपणांस सांगून आम्ही खाली बसतो.