स्टॉपिंगमध्ये दोन पी कशाला?

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. आज स्पेलिंग. हसू नका, शेवटी कोडिंगपर्यंत पोचणारच आहोत.

सुट्टीत गावी, म्हणजे पेठ वडगावला गेलो की दहावी-बारावीची चार पोरं वही घेऊन येतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला: "दादा, स्टॉपिंगमध्ये पी दोनदा आणि ईटिंगमध्ये टी एकदाच, असं का?" बहुतेकांना याचं एकच उत्तर मिळालेलं असतं: पाठ करा. मग मराठी मीडियमचा पोरगा साधा ईमेल लिहितानाही प्रत्येक शब्दाला अडखळतो आणि समजतो की आपलं डोकंच कमी आहे. डोकं कमी नाही. त्याला कारण कुणी सांगितलेलं नाही.

आधी आपल्या भाषेकडे बघू. शब्दाला शेपूट जोडलं की आतलं स्पेलिंग बदलतं, हे मराठीत रोज होतं. ऊस लिहिताना ऊ दीर्घ, उसाला लिहिताना ऱ्हस्व. गूळ, पण गुळाचा. दूध, पण दुधात. क्रियापदांचंही तेच. 'तू लिही' यात ही दीर्घ, 'मी लिहितो' यात हि ऱ्हस्व. धू, पण धुतो. पी, पण पितो. म्हणजे ही कल्पना आपल्याला नवीन नाही. फक्त इंग्रजीत बदलाची खूण वेगळ्या जागी असते.

आपल्याकडे स्वराला स्वतःची मात्रा आहे. 'होप' आणि 'हॉप' लिहिताना वरची खूण बदलली की काम झालं. इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच आणि आवाज त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे स्वर कसा म्हणायचा, याची खूण बऱ्याचदा पुढच्या अक्षरांत ठेवलेली असते.

एच-ओ-पी म्हणजे हॉप, एका पायावर उडी. शेवटी ई लावला की होप, आशा. तो ई स्वतः बोलत नाही, पण मागच्या ओचा आवाज बदलतो. आता आयएनजी लावा. होपमधला ई गळतो, कारण त्याचं काम आता पुढचा आय करतो. झालं होपिंग. पण मग हॉपचं काय? त्यालाही नुसतं आयएनजी लावलं तर तेसुद्धा होपिंगच वाचलं जाईल. म्हणून मध्ये आणखी एक पी घालतात. झालं हॉपिंग.

मराठी कान फसतो तो इथे. आपल्याकडे अक्षर दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट: गल्ली, पक्का, चप्पल. हॉपिंगमध्ये 'प्प' ऐकू येत नाही, म्हणून दुसरा पी फुकटचा वाटतो. त्याला आवाज नाही, पण काम आहे. आयएनजीमधल्या आयला तो मागच्या ओपर्यंत पोचू देत नाही. थोडक्यात, दुसरा पी ही इंग्रजीची मात्रा आहे. आजच्या भागातलं एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी चालेल.

हे धरलं की बाकीचे नियम आपोआप सुटतात. ईटिंगमध्ये ई-ए असे दोन स्वर आहेत, आवाज आधीच लांब, मग जादा टी कशाला? हेल्पिंगमध्ये एल आणि पी अशी दोन व्यंजनं आहेतच, तिसरं नको. फिक्सिंगमध्ये एकट्या एक्समध्येच क आणि स दोन्ही आवाज आहेत. शोइंग आणि प्लेइंगमध्ये शेवटचे डब्ल्यू आणि वाय स्वराचाच भाग आहेत.

वायचं थोडक्यात. वायच्या आधी व्यंजन असेल तर ईडी लावताना त्याचा आय होतो, जसं स्टडीचं स्टडीड. आधी स्वर असेल तर वाय तसाच, जसं प्लेड. पण स्टडीइंगमध्ये वाय हलत नाही, नाहीतर दोन आय शेजारी येतील. त्याच कारणाने लायमधला आय-ई जाऊन वाय येतो: एल-वाय-आय-एन-जी. पेड, सेड, लेड हे मात्र पाठच करा.

आता खरी अवघड जागा. बिगिनिंगमध्ये मधला एन दोनदा, ओपनिंगमध्ये एकदाच. कारण बिगिनचा जोर शेवटच्या 'गिन'वर आहे आणि ओपनचा पहिल्या 'ओ'वर. शेवटी जोर असेल तरच अक्षर दुप्पट. ॲडमिटेडमध्ये टी दोन, व्हिझिटिंगमध्ये एक. मराठीत आपण असा जोर देऊन शब्द वेगळे करत नाही, त्यामुळे कानाला तो लगेच लागत नाही. उपाय सोपा आहे. डिक्शनरीत उच्चार लिहिलेला असतो, त्यात जिथे जोर आहे त्याच्या आधी छोटी उभी रेघ असते. ती बघा, आणि उच्चार ऐकायचं बटण दाबा.

यात इंग्रजीवालेही चुकतात बरं. रेफरचा जोर शेवटी, म्हणून रेफररमध्ये मधला आर दोनदा हवा. पण तुम्ही कुठल्या लिंकवरून आलात हे ब्राउझर वेबसाइटला ज्या हेडरमधून सांगतो, त्याच्या नावात तो एकदाच आहे. १९९६ च्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात, आरएफसी १९४५ मध्ये, ते तसंच छापलं गेलं आणि आजही तसंच चालू आहे. नंतर आलेल्या रेफरर-पॉलिसी हेडरमध्ये स्पेलिंग बरोबर आहे. एकाच ब्राउझरमध्ये दोन्ही नांदतायत.

कॅन्सल्डचंही असंच. जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे नियमाने एल एकच हवा. अमेरिकन तसंच लिहितात. ब्रिटिश, आणि त्यांच्यामागून आपण, दोन लिहितो. दोन्ही बरोबर. पण कोडमध्ये एकाने एक एल लिहिला आणि दुसऱ्याने दोन, तर कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. टीममध्ये आधीच एक ठरवून घ्या.

जाता जाता एक गोष्ट. १९८० मध्ये मार्टिन पोर्टर यांनी एक अल्गोरिदम मांडला. तो शब्दाचं शेपूट कापून मूळ शोधतो, म्हणजे सर्चमध्ये 'हॉपिंग' टाकलं तरी 'हॉप' सापडावं. आयएनजी काढल्यावर शेवटी दुप्पट व्यंजन उरलं तर त्यातलं एक काढायचं; एल, एस, झेड असेल तर राहू द्यायचं, कारण फॉलमध्ये मुळातच दोन एल आहेत. डिक्शनरी नाही, पाठांतर नाही, थोडेसे नियम. काही शब्दांत तो चुकतो, पण बहुतेक ठिकाणी काम भागवतो. ज्या गोष्टीचा असा प्रोग्राम लिहिता येतो, त्यात लॉजिक आहेच ना?

तर गृहपाठ: रोजच्या वापरातली दहा क्रियापदं घ्या, आयएनजी लावा आणि प्रत्येकासमोर अक्षर का वाढलं किंवा का नाही, ते मराठीत एका ओळीत लिहा. घरात धाकटं भावंडं असेल तर त्यालाही समजावून सांगा. भेटू पुढच्या भागात.