आज्ञा कोणाची, त्याग कोणाचा?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आजच्या सत्रासाठी मला विषय दिला आहे 'ख्रिस्ती धर्मातील आज्ञापालन आणि त्याग'. हा विषय आपल्या शिबिरात कशाला, असं काही जणींच्या मनात आलं असेल. आपण काही इथे बायबल वाचायला जमलो नाही. पण वसईकडची असो की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातली, मार खाऊन आलेली ख्रिस्ती बाई आपल्या सल्लाकेंद्राची पायरी चढते तेव्हा तिच्या डोक्यावर दोन ओझी असतात. पहिलं सगळ्याच बायांचं: लोक काय म्हणतील, पोरांचं काय होईल, माहेरी थारा मिळेल का. दुसरं ओझं ती चटकन बोलून दाखवत नाही. येशूनं आपल्यासाठी एवढा मोठा क्रूस वाहिला, मग मी एवढंसं सोसू नये? मी घर सोडलं तर देवाची आज्ञा मोडली असं होईल का?

या प्रश्नाला कायद्याचं कलम सांगून उत्तर मिळत नाही. 'असला धर्मच सोडून दे' असं आपण म्हणालो तर ती मुकाट्यानं ऐकून घेईल, आणि पुन्हा आपल्याकडे येणार नाही. कारण तिच्यासाठी धर्म म्हणजे नुसता हुकूम नाही. रविवारची उपासना, शेजारणींबरोबरची प्रार्थना, अडचणीला धावून येणारी मंडळी हे सगळं त्यात आहे. तेव्हा तिच्या श्रद्धेत उभं राहूनच तिच्याशी बोलता आलं पाहिजे. त्यासाठी ही श्रद्धा आज्ञापालनाबद्दल नेमकं काय म्हणते, आणि तिच्या नावावर बायांना काय सांगितलं जातं, हे दोन वेगळे करून पाहू या.

सांगितलं काय जातं? येशू मरणापर्यंत आज्ञाधारक राहिला. मरीयेनं देवदूतापुढे मान तुकवली. प्रेषित पौलाच्या नावानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात पत्नींनी पतीच्या अधीन राहावं असं आहे. या तिन्ही गोष्टी एका दोरीत ओवल्या की उपदेश तयार होतो: सोसणं हेच बाईचं ख्रिस्तीपण. लग्नाच्या शपथेतही हेच उतरलं. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात वधूनं 'आज्ञा पाळीन' असं वचन द्यायचं होतं, वरानं मात्र नाही. १९२८ च्या सुधारित मसुद्यात तो शब्द गाळला गेला. म्हणजे जो शब्द देवाचा म्हणून पावणेतीनशे वर्षं बायांच्या तोंडी घातला गेला, तो माणसांच्या एका समितीला काढता आला.

आता मूळ गोष्टींकडे बघू. गेथशेमाने बागेत, मरणाच्या आदल्या रात्री, येशू पहिल्यांदा काय मागतो? हे दुःख माझ्यापासून दूर कर, असं मागतो. त्याची पहिली प्रार्थना नकाराची आहे. तो घाबरला आहे, त्याला घाम फुटला आहे, आणि हे सगळं तो बापाला सांगू शकतो. त्यानंतर तो होकार देतो. योहानाच्या शुभवर्तमानात तर तो स्पष्टच सांगतो की, माझा जीव माझ्यापासून कोणी हिरावून घेत नाही, मी तो आपण होऊन देतो. ज्याला नाही म्हणता येतं त्याच्याच होकाराला किंमत असते. जिला नाही म्हणायची सोयच नाही, तिच्या सोसण्याला त्याग म्हणणं ही भाषेची फसवणूक आहे.

मरीयेचंही तसंच. लूकनं सांगितलेल्या गोष्टीत देवदूत तिच्याकडे येतो, तिच्या बापाकडे नाही, योसेफाकडे नाही. ती लगेच मान डोलावत नाही, हे कसं होईल म्हणून प्रश्न विचारते. उत्तर मिळाल्यावर मग स्वतःच्या शब्दात होकार देते. ना बापाची परवानगी, ना होणाऱ्या नवऱ्याची! त्या काळातल्या गावात याचा अर्थ काय, हे आपल्याला सांगायला नको. पुढे ती जे गीत गाते त्यात सिंहासनावरचे खाली ओढले जातात आणि भुकेल्यांची पोटं भरतात. नाताळच्या देखाव्यात आपण जी खालमानेची मूर्ती ठेवतो, ती या गाणाऱ्या मुलीची दिसत नाही.

आणि इफिसकरांचं पत्र? पत्नींना सांगण्याच्या आधीच्याच ओळीत सर्वांनी एकमेकांच्या अधीन व्हावं असं म्हटलं आहे. जुन्यांतल्या जुन्या ग्रीक हस्तलिखितांत पत्नींच्या ओळीला स्वतःचं क्रियापदच नाही, ते आधीच्या ओळीतून घ्यावं लागतं. म्हणजे ती ओळ सुटी तोडून भिंतीवर टांगता येत नाही. त्याच पत्रात थोडं पुढे गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी असंही आहे. ते शब्द दाखवून अमेरिकेत गुलामगिरीचं समर्थन झालं. आज कोणताही पास्टर त्या ओळीवरून गुलामगिरी शिकवत नाही. मग शेजारची ओळ तेवढी अजून हुकूम म्हणून का वाचायची?

१९६० साली व्हॅलरी सेव्हिंग या अमेरिकन अभ्यासक बाईंनी एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की, धर्मशास्त्र लिहिणाऱ्या पुरुषांनी गर्व हे सर्वांत मोठं पाप ठरवलं आणि स्वतःला विसरणं हा त्यावरचा उपाय ठरवला. पण बाईचा मोह बहुधा उलटा असतो. ती स्वतःला इतकं विसरते की, तिच्यात 'मी' म्हणून काही उरतच नाही. ज्याला ताप आहे त्याचं औषध थंडीनं कुडकुडणाऱ्याला पाजायचं, असा हा प्रकार झाला.

हा वाद आपल्यासाठी परका नाही. आपल्या पंडिता रमाबाईंनी तो १८८० च्या दशकात स्वतःच्या बळावर घातला होता. १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढून, 'स्त्रीधर्मनीति' लिहून, १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकू-शिकवू लागल्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवलं तर तिच्या देशात तिची पत जाईल म्हणे! ज्या बाईनं बालपणापासून गावोगाव, देवळा-देवळांत पुराणं सांगितली, कलकत्त्याच्या पंडितांकडून 'पंडिता' ही पदवी घेतली, तिला हे सांगण्यात आलं.

रमाबाईंनी ऐकलं नाही. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केला. मिळेल तिथून तो जरूर वाचा. जेराल्डीन त्यांना पुन्हा पुन्हा गर्वाचा दोष देतात, नम्र व्हा म्हणतात. रमाबाईंचं उत्तर थोडक्यात असं: मला माझी विवेकबुद्धी आहे. देवानं ती मला दिली आहे. देशातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं, ते दुसऱ्या पुरोहितांचं चढवून घेण्यासाठी नव्हे. देवाची आज्ञा मी पाळीन, पण बिशपांचा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा आहे असं मी मानणार नाही. मुलीला कोणती मतं शिकवायची, हेही त्या दुसऱ्याला ठरवू देत नाहीत.

आता गंमत पाहा. आज्ञा न पाळणारी ही बाई त्यागात कमी पडली का? १८८९ साली तिनं मुंबईत शारदासदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतातून भुकेल्या बायामुलींना घेऊन आली आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. प्लेगच्या दिवसांत सरकारी व्यवस्थेत बायांचे हाल होतात म्हणून १८९७ साली तिनं वर्तमानपत्रात जाहीरपणे लिहिलं आणि गव्हर्नरचा रोष पत्करला. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून तिनं अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. दुसऱ्यानं अर्थ सांगावा आणि आपण मान डोलवावी, हे तिला मान्यच नव्हतं. नंतरच्या काळात देवापुढे संपूर्ण शरणागतीची भाषा ती बोलत असे, आणि केडगावची तिची शिस्तही कडक होती, तीवर टीका झाली आहे. ते लपवायचं कारण नाही. पण तिची शरणागती तिनं स्वतः, विचार करून, देवाला दिली होती. ती कोणा बिशपाला किंवा नवऱ्याला वसूल करता आली नाही.

दुसरं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. १८९५ साली रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यागाचा मान त्यांना मिळाला आणि तो योग्यच होता. पण नवरा जिवंत असून ताटातूट झाली ती लक्ष्मीबाईंची. त्या स्वतः १९०० साली ख्रिस्ती झाल्या, त्याही आपल्या मनाचा कौल घेऊन, नवऱ्याच्या मागोमाग फरफटत नव्हे. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. 'स्मृतिचित्रे' आपण हसत हसत वाचतो, पण हसता हसता एक हिशेब नजरेत भरतो: उदार हातानं देणारा एक, आणि रिकाम्या डब्यात हात घालून संध्याकाळचं जेवण शोधणारी दुसरी. त्याग कोणाच्या नावावर लिहिला जातो आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे विचारायला लक्ष्मीबाईंनी आपल्याला न सांगता शिकवलं आहे.

हे जुन्या काळाचं झालं म्हणाल, तर २०१८ चा सप्टेंबर आठवा. कोचीत पाच नन्स रस्त्यावर धरण्याला बसल्या. त्यांच्याच एका भगिनीनं एका बिशपविरुद्ध बलात्काराची तक्रार केली होती. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयानं बिशपांना निर्दोष ठरवलं आणि त्या निकालावर अपील झालं. मला इथे बोलायचं आहे ते त्या पाचजणींबद्दल. नन होताना दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशा तीन शपथा घ्याव्या लागतात. या पाचजणी एकमेकींजवळ राहून साथ देत होत्या, तेव्हा २०१९ च्या सुरुवातीला त्यांना वेगवेगळ्या कॉन्व्हेंटमध्ये जाण्याची पत्रं आली. शपथ देवाला दिलेली, पत्र मात्र वरिष्ठांचं! त्याच वर्षी फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस यांनी जाहीरपणे कबूल केलं की, धर्मगुरूंकडून नन्सवर अत्याचार होतात. आज्ञा मोडून बोलणाऱ्या बायांखेरीज ही कबुली आली असती का?

कायद्यातही हेच झालं. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं कारण पुरे होतं. बायकोला व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा दोन वर्षांचा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसता मार पुरेसा नव्हता! केरळ उच्च न्यायालयानं १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १९९७ मध्ये ही विषमता घटनाबाह्य ठरवली. २००१ साली संसदेनं कायदा बदलला. मेरी रॉय यांनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयातून सिरियन ख्रिस्ती मुलींचा वारसाहक्क मिळवला. त्याआधीच्या त्रावणकोरच्या कायद्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा ५००० रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळे. भावासाठी बहिणीनं 'आनंदानं' सोडायचा, असा तो हिस्सा होता.

मग आपण कार्यकर्त्यांनी करायचं काय? चार गोष्टी सांगते.

पहिली, माहिती ठेवा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या बायांना लागू आहे. कॅथलिक बाई 'आमच्यात घटस्फोट नाही' म्हणाली, तर तिला सांगा की, तिच्या चर्चचाच १९८३ चा कायदा, कलम ११५३, जोडीदारापासून जिवाला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा देतो. उशीर करण्यात धोका असेल तर आधी बिशपांची परवानगी घेण्याचीही गरज नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली लिहिलं की, दुबळ्या जोडीदाराला किंवा मुलांना हिंसेपासून वाचवायचं असेल तेव्हा वेगळं होणं नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरू शकतं.

दुसरी, तिच्या देवाची चेष्टा करू नका. तिला तिच्याच शास्त्रातल्या बाया आठवू द्या: फारोचा हुकूम मोडून बाळं जगवणाऱ्या दोन सुइणी, मेजवानीत नवऱ्यानं मिरवायला बोलावलं तेव्हा न गेलेली राणी वश्ती. आणि १८ वर्षं कंबरेत वाकलेली ती बाई, जिला येशूनं शब्बाथाच्या दिवशी, नियम बाजूला ठेवून, सरळ उभं केलं. सभास्थानाचा अधिकारी म्हणाला, दुसऱ्या दिवशी या. येशूनं एक दिवसही थांबू दिलं नाही.

तिसरी, पास्टर-फादर सगळे सारखे समजू नका. बोलायला तयार असतील त्यांच्याशी बोला. 'सोसून घे' असं सांगण्याआधी नवऱ्याला बोलावून हात उगारायचा नाही असं बजावणारा एक धर्मगुरू दहा पत्रकांचं काम करतो.

आणि चौथी, त्यागाचा शब्द आला की चार प्रश्न विचारायची सवय लावा. हा त्याग मागतो कोण? तो स्वतः काय सोडतो? तिला नाही म्हणता येतं का? आणि तिच्या सोसण्यानं कोणाचं भलं होतं, पोरांचं, गावाचं, की फक्त मारणाऱ्याचं? हे प्रश्न चर्चसाठी आहेत, तसे सासरासाठी आहेत, आणि आपल्या संघटनांसाठीही आहेत. चळवळीतही मानधन न मागता राबणारी, पोटच्या पोराला शेजारणीकडे ठेवून मोर्च्याला येणारी बाई असते, आणि तिच्या त्यागाचं कौतुक व्यासपीठावरून बहुधा दुसरंच कोणी करतं.

आज्ञापालन आणि त्याग हे शब्द टाकून द्या असं मी म्हणत नाही. रमाबाईंच्या हाती त्याच शब्दांनी हजारो बायांना आसरा दिला. मात्र ते शब्द बाईच्या तोंडून, तिच्या मर्जीनं आले पाहिजेत. दारात उभी असलेली बाई विचारेल, 'ताई, मी घर सोडलं तर देव रागावेल का?' तिला उपदेश करू नका. तिला बसवा, पाणी द्या, आणि विचारा, 'तुझा देव तुला मार खाताना बघून खूश होतो असं तुला वाटतं का?' पुढचं उत्तर तिला देऊ द्या. त्याला वेळ लागेल. तोवर तिची झोपायची सोय करायचं काम आपलं.