खिशातलं तिकीट

मोटारींच्या शर्यतीशी कवीचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मी तर स्कूटरसुद्धा कधी चौथ्या गिअरमध्ये घातली नाही. पण माझा भाचा जर्मनीत, कोलोनला नोकरी करतो आणि त्याला मोटारींचं वेड. २०१६च्या मे महिन्यात मी त्याच्याकडे निघालो तेव्हा आपानं, म्हणजे त्याच्या आईनं, एकच काम सांगितलं, ‘तो कुठल्याशा डोंगरातल्या ट्रॅकवर गाडी घालायचं म्हणतोय. त्याला अडव.’

तो ट्रॅक म्हणजे न्यूर्बुर्गरिंग. आयफेलच्या डोंगरांत १९२७ साली सुरू झालेला. ठरावीक दिवशी तिकीट काढून कुणीही तिथं आपली गाडी चालवू शकतो. अडवायला गेलेला मी भाच्याबरोबर तिथल्याच चोवीस तासांच्या शर्यतीला जाऊन बसलो!

झाडीत तंबूंचं गावच वसलं होतं. शेगड्या पेटलेल्या, लाकडी मचाण बांधलेले, कुणी घरचा सोफाच आणलेला. दुपारी ऊन होतं. शर्यत सुरू होऊन तास होत आला आणि ट्रॅकच्या एका भागात गारांचा मारा सुरू झाला. एक फेरीच सुमारे २५ किलोमीटरची. इकडे कोरडं, तिकडे पांढरंशुभ्र. कोरड्या रस्त्याच्या टायरना खाचा नसतात. गाड्या घसरून एकमेकींवर आदळल्या, काहींना साधा चढ चढवेना. शर्यत थांबवली, ती सुरू व्हायला संध्याकाळ झाली.

छत्रीखाली भाच्यानं निकी लाउडाची गोष्ट सांगितली. १ ऑगस्ट १९७६. हाच ट्रॅक, कुठं ओला, कुठं कोरडा. लाउडाच्या गाडीनं पेट घेतला. सोबतच्या चालकांनी त्याला ओढून काढलं. सहा आठवड्यांत तो पुन्हा शर्यतीत उतरला. पण ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या फुजीच्या ट्रॅकवर, धो धो पावसात, दोन फेऱ्यांनंतर त्यानं आपणहून गाडी थांबवली. विश्वविजेतेपद एका गुणानं गेलं.

‘यातला कोणता लाउडा तुला आवडतो?’ मी विचारलं. तो काही बोलला नाही. मीही आपाचा निरोप दिला नाही. तीस वर्षांच्या मुलाला काय अडवायचं?

दुसऱ्या दिवशी शेवटच्या फेरीत पुढची गाडी मागं पडली. चोवीस तासांनंतर फरक सहा सेकंदांहूनही कमी. भाचा नाचला, मीही टाळ्या वाजवल्या.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. ‘मामू, गेलो होतो. तिकीट काढलं. फाटकापाशी लख्ख ऊन होतं. पण फेरी संपवून येणाऱ्या गाड्यांच्या काचा ओल्या दिसल्या.’

‘मग?’

‘मग काय, तिकीट खिशात घातलं आणि घरी आलो.’

मी लगेच आपाला फोन लावला.